बॅप्टिस्टच्या ट्रकचा स्वभाव

रोवेना सहा-सात वर्षांची असताना एका सकाळी तिने बापाच्या ट्रकमध्ये चढून डॅशबोर्डवर एक ताजा पाव ठेवला. आदल्या संध्याकाळी बॅप्टिस्ट, म्हणजे तिचा बाप, ओट्यावर बसून शेजाऱ्याला सांगत होता की आपल्या गाडीला वळायच्या आधी पाव द्यावा लागतो, पाव दिल्याशिवाय ती हलत नाही. शेजाऱ्याला कळलं होतं की बोलणं स्टिअरिंगचं चाललंय. चाक पाव वळसा फिरवलं तरी पुढचे टायर ढिम्म, तेवढी ढील संपली की मग कुठे ट्रक ऐकायला लागायचा. रोवेनाला मात्र वाटलं, गाडीला भूक लागते. तिने आपल्या न्याहारीतला पाव नेऊन ठेवला आणि वर लोणी लावायलाही विसरली नाही. पुढे कितीतरी वर्षं घरात पाहुणा आला की ही गोष्ट त्याला चहाबरोबर मिळायची. रोवेना लग्नाच्या वयाची झाली, लग्न न करताच त्या वयाच्या पुढे निघून गेली, तरी गोष्टीने तिचा पिच्छा सोडला नाही.

पोरीला सगळे हसले, पण धडधाकट ट्रकचं चाक असं पाव वळसा रिकामं फिरतं कसं, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. अगदी बॅप्टिस्टलाही नाही. त्याला तर त्या ढिलाईचा अभिमान होता.

बॅप्टिस्ट हा मांडववाला. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत लग्न असो, बाप्तिस्मा असो, कोणाच्या घराची शांत असो, त्याचा ट्रक दारात येऊन उभा राहिला की कार्य सुरू झालं असं लोक धरून चालायचे. लोखंडी पाइप, पडदे, बाकडी, स्टेजच्या फळ्या आणि माणूस आत बसून आंघोळ करील एवढाली पातेली. धंद्यातली रीत अशी की प्रत्येक मांडववाला आपल्या पाइपांच्या टोकाला स्वतःच्या रंगाचा पट्टा मारतो, नाहीतर शेजारी-शेजारी दोन लग्नं निघाली की कोणाचे पाइप कोणाच्या गाडीत गेले यावरून डोकी फुटतात. बॅप्टिस्टचा पट्टा पिवळा, आणि त्याला चिकटून निळा. ट्रकच्या कपाळावर याच दोन रंगांत 'आग्नेस कृपा' असं लिहिलेलं होतं. आग्नेस म्हणजे त्याची बायको. तिचं म्हणणं, माझी कृपा कपाळापुरतीच आहे, खाली चाकांपर्यंत ती कधी पोचलीच नाही.

ते खरंच होतं. ट्रक सारखा उजवीकडे ओढायचा. ब्रेक मारला की मान डोलवायचा. खड्ड्यात पडला की स्टिअरिंग हातातून हिसकावून घ्यायचा आणि सरळ रस्त्यावरसुद्धा बॅप्टिस्टचे हात दळण दळल्यासारखे डावी-उजवीकडे चालू असायचे. कोणी काही म्हटलं की तो म्हणायचा, माणसाला स्वभाव असतो तसा गाडीला असतो, आपण ओळखून राहायचं. गावाला हे बोलणं फार आवडायचं. लोक कौतुकाने म्हणायचे की ती गाडी बॅप्टिस्टशिवाय कोणाचं ऐकत नाही, आणि बॅप्टिस्टची छाती फुगायची. खरं सांगायचं तर बायकोने आयुष्यात एकदाही ज्याचं कौतुक केलं नाही, त्या माणसाला एवढं तरी मिळायला हवंच होतं.

आता रोवेनाबद्दल. थोरला भाऊ मर्विन नोकरीला आखातात गेला आणि तिकडचाच झाला. रोवेना शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. मुलांच्या आया तिच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवायच्या, कारण रोवेना बाई रस्त्यावर कोणाशी शर्यत लावत नाही आणि कोणाला वाटही सहजासहजी देत नाही. व्हॅन सुटली की ती मांडवाच्या कामात. कोणाच्या अंगणात किती खांब बसतात, कोणत्या आळीत ट्रक उलटा घ्यावा लागतो, कोणाच्या सासूला कोणता पडदा आवडत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. मोठ्या गाडीचं लायसन्सही तिने काढून ठेवलं होतं. धंदा आपण चालवायचा हे तिने मनाशी केव्हाच ठरवलं होतं. फक्त ट्रक तिला चालवता येत नव्हता.

एकदा तिने प्रयत्न केला होता. गावात चर्चला अजून देऊळच म्हणतात, त्या देवळाजवळच्या वळणावर तिने चाक फिरवलं. ट्रक सरळच निघाला, म्हणून तिने आणखी फिरवलं. मग ट्रकने सगळं वळण एकदम घेतलं आणि नाक नेऊन लूर्डसमावशीच्या कुंपणाच्या भिंतीत घातलं. देवळातली प्रार्थना, मिस्सा, नुकतीच सुटली होती, त्यामुळे बघायला माणसांची कमतरता नव्हती. बॅप्टिस्ट उतरला, भिंत पाहिली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बायचा हात हलका हाय. तिला नाय जमनार." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरं तर माया होती, आणि रोवेनाला तीच जास्त लागली. राग आला असता तर तिने उलट उत्तर तरी दिलं असतं.

मग बॅप्टिस्टचा उजवा खांदा गेला. हात कानापर्यंत वर जाईना, शर्टाची बाही घालायला आग्नेस लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, हे दळण आता बंद. बॅप्टिस्टने फार आदळआपट केली नाही. त्याने एका भंगारवाल्याशी बोलणं लावलं आणि घरात जाहीर केलं की मे महिन्याचा मोसम संपला की गाडी जाईल, सामान विरारचा एक मांडववाला उचलेल, विषय संपला. दुसरा ट्रक घ्यायची गोष्ट त्याच्या डोक्यातच नव्हती, आणि हा ट्रक आपल्यानंतर कोणाच्या हातात राहणार नाही याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

रोवेना त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बापाला सांगितलं की मे महिन्याच्या सुट्टीत माझी व्हॅन बंद असते, तेवढे दिवस ट्रक माझ्या ताब्यात दे, मी त्याचं पुढचं सगळं खोलून नवं करून घेते. मोसमातली आपली शेवटची ऑर्डर चिंचोटीच्या लग्नाची. त्याआधीच्या ऑर्डरींचं सामान भाड्याच्या टेम्पोने ने. चिंचोटीला भरलेला ट्रक मी घेऊन जाईन, तू बाजूला बस. वाटेत एकदा जरी तुला स्टिअरिंगला हात लावावा लागला, तर संध्याकाळी गाडी भंगारात दे, मी ब्रसुद्धा काढणार नाही.

बॅप्टिस्टने पटकन हो म्हटलं. जिंकायची खात्री असलेला माणूस जेवढ्या पटकन हो म्हणतो, तेवढ्या पटकन.

सदानंद मेकॅनिकचं गॅरेज नायगावला खाडीच्या बाजूला. एके काळी त्याच्या पत्र्याच्या शेडमागे मिठागरं दिसायची, आता शेडच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत उभी राहून त्याच्या घणाच्या आवाजाची तक्रार करतात. सदानंदने ट्रकचं पुढचं अंग जॅकवर उचललं, खाली लोखंडी घोड्या लावल्या आणि रोवेनाला म्हणाला की टायरला वरून आणि खालून धर आणि हलव. तिने हलवलं. आत कुठेतरी खट्-खट् वाजलं, मोडकी खाट वाजते तसं. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग त्याने तिला स्टिअरिंग हलवायला लावलं आणि स्वतः खाली पडून एकेक सांधा दाखवत गेला. कुठे गोळा वाटीत डुलत होता, कुठे पिन भोकात नाचत होती. प्रत्येक ठिकाणी जरा-जरा. हे सगळे जरा-जरा मिळून वर पोचेपर्यंत पाव वळसा होत होता.

"सदाकाका, पापा बोलतो हा गाडीचा स्वभाव हाय," रोवेना म्हणाली.

सदानंद ट्रकखालून बाहेर आला, हात पुसले. "पोरी, लोखंडाला स्वभाव नसतो. लोखंड झिजतं." आणि मग जरा थांबून म्हणाला, "पन एवरं झिजलेलं घेऊन तुझा बाप रस्त्यावर राहिला, हे काय सोपं नाय."

काम तो करील, पण एका अटीवर : तिला शिकायची हौस असेल तर घाण काम तिचं. त्याला वाटलं असावं की दोन दिवसांत बाई कंटाळेल. रोवेनाने मर्विनची जुनी पँट चढवली, केस फडक्यात बांधले आणि कितीतरी वर्षांचं, डांबरासारखं घट्ट झालेलं ग्रीस पत्र्याच्या पट्टीने खरवडायला बसली. कोपरापर्यंत काळी झाली. घरी आली की आग्नेस तिला मागच्या दाराने आत घ्यायची आणि कुरकुरत पाठ घासून द्यायची. आग्नेसला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं, पण रोज दुपारी डब्यात माशाचा एक तुकडा जास्त यायला लागला होता.

सगळ्यात मोठं दुखणं किंगपिनचं. पुढच्या धुऱ्याच्या, म्हणजे ॲक्सलच्या, दोन्ही टोकांना मनगटाएवढी जाड एकेक पिन उभी बसवलेली असते. दार बिजागरीवर फिरतं तसं चाक तिच्याभोवती वळतं. डाव्या बाजूची पिन चार घणांत निघाली. उजवीने हट्ट धरला. डिझेल पाजलं, रात्रभर भिजत ठेवली, गॅसच्या ज्योतीने धुरा लाल होईस्तोवर तापवला, सदानंदचा घाम टपटप खाली पडला, पिन जागची हलली नाही. मग रोवेनाने घण मागितला. सदानंदने तिच्याकडे पाहिलं आणि पिनेवर पहार धरून उभा राहिला. आता हे सांगायला हवं की रोवेनाला त्या वेळी फक्त लोखंड दिसत नव्हतं. देवळाजवळचं वळण, मिस्सा सुटून उभी असलेली माणसं आणि 'हलका हात' हे दोन शब्द तिला त्या पिनेच्या टाळूवर बसलेले दिसत होते. तिने घण घातला, पुन्हा घातला, वरच्या टॉवरमधून कोणीतरी ओरडलं, तिने आणखी एक घातला. पिन खाली सिमेंटवर ठणकन पडली. रोवेना तिथेच फतकल मारून बसली आणि हसायला लागली. पिन हातात घेतली तर एका अंगाने एवढी खाल्लेली होती की बोट फिरवलं तरी खळगा लागत होता.

खरा धक्का पुढच्या दिवशी बसला. कमानीचे पाटे, म्हणजे धुऱ्यावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, खोलायचे होते, कारण त्यातला एक मधोमध तडकला होता. उजव्या बाजूचे बोल्ट सैल केले, पाटे उचलले, आणि पाट्यांच्या आणि धुऱ्याच्या मधून, पुढच्या कडेला अडकलेला, एक चपटा लोखंडी तुकडा गळून पडला. सदानंद बुचकळ्यात पडला, ही वस्तू कोणत्याच ट्रकमध्ये असत नाही. ती त्या जागी घातल्यामुळे धुरा एका बाजूने जरासा कलला होता, आणि ट्रक कित्येक वर्षं उजवीकडे ओढत होता तो या एवढ्याशा तुकड्यापायी. रोवेनाने तो रॉकेलमध्ये धुतला, ब्रशने घासला. काळ्या थराखालून आधी निळा रंग निघाला, मग त्याला चिकटून पिवळा.

मांडवाचा पाइप होता. ठोकून चपटा केलेला, त्यांचा स्वतःचा.

संध्याकाळी तिने तो घरी नेऊन बापाच्या समोर चहाच्या कपाशेजारी ठेवला. बॅप्टिस्टने तो उचलला, उलटापालटा केला, पट्टा पाहिला. आठवायला त्याला वेळ लागला. मग हळूहळू सगळं आलं. खूप जुनी गोष्ट, वाड्याच्या रस्त्याला लग्नाचं सामान घेऊन जाताना उजवा पाटा बसला, मुहूर्त गाठायचा होता, आसपास मेकॅनिक नव्हता. त्याने एका पाइपाचं टोक कापलं, दगडावर ठोकलं आणि तिथे सारलं. दोन दिवसांसाठी. परत आलो की काढू म्हणून. परत आल्यावर दुसरं लग्न होतं, त्यानंतर तिसरं, आणि मग गाडी उजवीकडे ओढते हे त्याच्या हातांना इतकं सवयीचं झालं की का ओढते हे तो साफ विसरला. पुढे लोक विचारायला लागले तेव्हा त्याने तिचा स्वभाव आहे म्हणून सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

आग्नेसला अशी संधी वर्षानुवर्षांत मिळाली नव्हती. इतकी वर्षं खांदा मोडून घेतला तो स्वतःच घातलेल्या पाचरीशी भांडत, असं ती म्हणाली, आणि आणखीही बरंच म्हणाली. रोवेनाला वाटलं होतं की हा तुकडा त्याच्यापुढे टाकताना आपल्याला फार बरं वाटेल. नाही वाटलं. बाप त्या तुकड्यावर अंगठा फिरवत बसला होता आणि एकदम म्हातारा दिसत होता. तिने आईला हाताने खूण करून गप्प केलं.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असतं तर बरं, पण रोवेनाने घाई केली. चिंचोटीचं लग्न जवळ आलं होतं. नव्या किंगपिना नव्या बुशांत, म्हणजे धातूच्या आखूड नळ्यांत, बसवायच्या तर बुश आतून कातून अगदी बेताचे करून घ्यावे लागतात. लेथवाल्याने एकाच्या बाबतीत सांगितलं होतं की अजून एक हात फिरवायला हवा, उद्या या. रोवेना म्हणाली, चालेल, आणि सदानंद बाहेर गेला असताना तिने ती पिन ठोकून बसवली. सगळं जोडून झाल्यावर स्टिअरिंग फिरवलं तर ते दगडासारखं जड. नेमका त्याच दिवशी बॅप्टिस्ट बघायला आला होता. त्याने डाव्या हाताने चाक फिरवून पाहिलं, ते हललं नाही. त्याचा चेहरा उजळलेला सगळ्यांना दिसला. सदानंदने रोवेनाला झापलं. तिने गुपचूप पान्हे उचलले आणि ती बाजू पुन्हा सगळी खोलली.

दुसऱ्यांदा बसवली तेव्हा पिन बोटाच्या दाबाने आत सरकत गेली. गोळे नवे, पिना नव्या, तडकलेला पाटा बदलून बाकीचे पुन्हा वाकवून आणलेले, स्टिअरिंग बॉक्स उघडून आवळलेला. दोन्ही चाकांची तोंडं नीट आहेत का ते पाहायला सदानंदने सुतळी मागितली. रोवेनाने मांडवाची सुतळी काढून दिली. तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि दोघं बराच वेळ उकिडवे बसून, मागे-पुढे माप घेत, एक आटा सैल करत, अर्धा घट्ट करत राहिले. शेवटी सदानंदने सुतळी सोडली आणि कपाळाला लावली. तेवढं पुरे होतं.

ट्रक पहिल्यांदा बाहेर काढला तो खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना खाजणाचा चिखल, माणूस नाही, गाडी नाही. बॅप्टिस्ट म्हणाला, गाडी माझी आहे, पहिला मी. खांदा दुखत होता तरी त्याला कोणी अडवलं नाही. तो वर चढला, गियर टाकला, ट्रक निघाला. थोडं पुढे रस्ता जरासा डावीकडे वळत होता. बॅप्टिस्टने कित्येक वर्षं देत आला तसा आधी पाव दिला.

ट्रक तत्क्षणी डावीकडे वळला आणि बांधावरून उतरून खाजणात गेला.

फार नाही, एकच चाक. मागे घेतला, वर काढला. बॅप्टिस्टने दात-ओठ खाऊन पुन्हा सुरू केलं. आता रस्ता सरळ होता, पण त्याचे हात सरळ राहायला तयार नव्हते. उजवीकडे ओढणार हे धरून ते डावीकडे दाबत होते, हिसका बसणार म्हणून आवळत होते, आणि ट्रक प्रत्येक दाबाला मान देत रस्ताभर झोकांड्या खात चालला होता. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, चालवणाऱ्याने सकाळीच लावलीय. शेवटी त्याने ट्रक थांबवला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"ही माझी गाडी नाय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. कोणाचं लक्ष नाही असं समजून त्याने बाहीने पुसले.

रोवेनाचं लक्ष होतं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगायचं, त्याच वेळी तिचे हात शिवशिवत होते. ती वर चढली. जुन्या ट्रकच्या खोड्या तिला कधी जमल्याच नव्हत्या, त्यामुळे विसरायलाही काही नव्हतं. तिने व्हॅनचं धरते तसं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि निघाली. वळण आलं, तिने वळणाएवढंच वळवलं. सरळ आलं, हात तसेच ठेवले. रस्त्याच्या टोकाला जाऊन तिने ट्रक फिरवला आणि परत आणला, तोही सुतळीवरून चालवावा तसा. सदानंद शेडच्या दारात उभा राहून एवढा खूश झाला की ज्या टॉवरवाल्यांशी त्याचं भांडण होतं, त्यांच्याच गॅलरीकडे बघून त्याने हात हलवला.

चिंचोटीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रक भरला. पाइप, फळ्या, बाकडी, पातेली, वर पडद्यांचे गठ्ठे. बॅप्टिस्ट नेहमीप्रमाणे उजव्या दाराकडे गेला, दाराला हात लावला, मग काहीतरी आठवल्यासारखं ट्रकला वळसा घालून डाव्या बाजूने वर चढला. आपल्याच ट्रकमध्ये तो त्या सीटवर दुसऱ्यांदा बसत होता, पहिली वेळ लूर्डसमावशीच्या भिंतीपाशी संपली होती. सीट मागे-पुढे कशी करायची हे त्याला माहीत नव्हतं.

गावात बातमी फुटली होती. देवळाच्या वळणावर माणसं कामं काढून उभी होती, लूर्डसमावशी तर भिंतीच्या आत, सुरक्षित अंतरावर. समोरून नेमका एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यामुळे रोवेनाला भरलेला ट्रक थोडा मागे घेऊन, भिंतीच्या अगदी अंगाला लावून पुढे काढावा लागणार होता. बॅप्टिस्टचा डावा हात हवेत उठला. त्याने तो स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. रोवेनाने ट्रक मागे घेतला, थांबली, चाक फिरवलं, ट्रकने सांगितलं तेवढंच ऐकलं. भिंत आणि ट्रक यांच्यामधून एक मांजर निवांत चालत गेलं. वळण पार झालं तेव्हा मागे कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. लूर्डसमावशी भिंतीवरून वाकून भिंत तपासत होती. रोवेनाने आरशात पाहिलं, गाल भरून हसली आणि हॉर्न जरा लांबच वाजवला. तेवढा तिचा हक्क होता.

पुढे हायवे लागला. बॅप्टिस्ट ताठ बसलेला. त्याचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत होता, प्रत्येक कंटेनर शेजारून गेला की त्याची बोटं दाराच्या कडीवर आवळत होती. गाडीचं काय ठरलं हे रोवेना विचारत नव्हती, संध्याकाळपर्यंत विचारायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं. चिंचोटीचा फाटा दिसायला लागला तेव्हा बॅप्टिस्टच्या खिशातला फोन वाजला. त्याने नाव पाहिलं, भंगारवाल्याचं. पलीकडून काय बोलणं झालं ते रोवेनाला ऐकू आलं नाही. बॅप्टिस्ट बराच वेळ नुसता हं हं करत राहिला, मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाय, गाडी देत नाय आता. चालवनारी हाय तिला."

फोन त्याने खिशात ठेवला. रोवेनाला रडू येतंय असं वाटलं, पण हातात भरलेला ट्रक होता, म्हणून तिने ते गिळलं आणि फाट्यावरून आत, लग्नाच्या गावाकडे नेणाऱ्या कामणच्या रस्त्याला वळली.

हा रस्ता म्हणजे रस्ता कमी आणि खड्डे जास्त. पुढचं चाक एका मोठ्या खड्ड्यात उतरलं आणि वर आलं. पाटे करकरले, मागे पातेली वाजली, स्टिअरिंग हातात जसं होतं तसं राहिलं. दुसरा खड्डा, तिसरा. बाजूने आता काहीतरी सूचना येईल, निदान एक सुस्कारा, म्हणून ती वाट पाहत होती. काहीच येईना, तेव्हा तिने मान वळवून पाहिलं.

बॅप्टिस्ट झोपला होता. डोकं दाराला टेकलेलं, तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. आयुष्यभर त्या ट्रकमध्ये ज्या माणसाच्या हातांना क्षणाची उसंत मिळाली नव्हती, तो भर दुपारी, कामणच्या खड्ड्यांतून जाताना, लहान मुलासारखा गाढ झोपला होता.

पुढे रस्त्याच्या मधोमध एक म्हैस उभी होती. रोवेनाने हॉर्नकडे नेलेला हात मागे घेतला, ट्रक हळूच थांबवला आणि म्हशीला जायचं तेव्हा जाऊ दिलं.